तुमचे प्रश्न : हार्टच्या गोळ्या आणि झोपेतलं मशीन

मागच्या अंकात घोरण्यावर लिहिलं होतं. त्यावर पत्रं आली, मेसेज आले, दोघीतिघी तर दवाखान्यातच कागद घेऊन आल्या, आणि बहुतेकांची अडचण एकच, की हार्टच्या गोळ्या चालू आहेत आणि आता छातीच्या डॉक्टरांनी झोपताना लावायचं सीपॅप मशीनही दिलंय, मग दोन्ही एकमेकांना चालतात का, काय कमी करायचं, काय वाढवायचं, आणि विचारायचं तरी कोणाला. म्हणून या वेळचं सगळं पान त्यालाच दिलं.

ज्यांनी मागचा अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, काहींच्या घशात श्वासाची वाटच मिटते, १० सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मग मेंदू दचकवून श्वास सुरू करून देतो आणि त्या प्रत्येक दचक्याला बीपी उसळतं. तासाला ५ पेक्षा कमी वेळा झालं तर काळजी नाही, ३० च्या वर गेलं तर आजार जोरात आहे. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. सीपॅप काही औषध सोडत नाही, नुसत्या हवेच्या दाबाने ती वाट उघडी धरतं. १९८१ साली ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी हा उपाय जगापुढे मांडला. आता प्रश्नांकडे वळते.

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आम्ही गुहागर तालुक्यातले. ह्यांना आठ महिन्यांपूर्वी अटॅक आला, दोन स्टेंट घातलेत. घोरणं फार म्हणून कोल्हापूरला स्लीप टेस्ट केली, तासाला ४१ वेळा श्वास थांबतो असं निघालं. तीन महिने मशीन नियमाने लावतात. आता सकाळचं बीपी ११० च्या आसपास येतं, उठल्यावर गरगरतं, म्हणून ह्यांनी आपल्या मनानेच बीपीच्या गोळ्या सोडल्या. म्हणतात मशीनने काम झालं, आता कशाला पोटात विष. रक्त पातळ करायची गोळीपण एक दिवसाआड घेतात. मी सांगून थकले, तुम्ही छापलंत तर ऐकतील.

उत्तर : ताई, हे उत्तर त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

काका, आधी रक्त पातळ करायची गोळी. स्टेंट ही धातूची जाळी आहे, तिच्यावर रक्ताची गुठळी बसू नये म्हणून ती गोळी असते आणि पहिलं वर्षभर तर ती फारच महत्त्वाची. एक दिवसाआड घेणं म्हणजे एक दिवसाआड दार उघडं टाकून झोपणं. मशीनचा आणि या गोळीचा काही संबंध नाही, मशीन कितीही छान चाललं तरी जाळीवर गुठळी धरायची ती धरते. आजपासून रोज घ्या, राहिलेल्या दिवसांच्या म्हणून दोन-दोन एकदम घेऊ नका, आणि ज्यांनी स्टेंट टाकला त्यांना उद्या सकाळी फोन करून झालं ते खरं सांगा. ते ओरडतील, ओरडू देत.

आता गरगरण्याचं. ते खोटं नाही, त्यामागे कारण असू शकतं. आधी रात्रभर श्वास अडायचा तेव्हा बीपी चढलेलं असायचं आणि गोळ्या त्या चढलेल्या बीपीच्या मापाने दिलेल्या. आता मशीनने रात्रीची ती उसळी थांबवली तर तेवढ्याच गोळ्या कधीकधी जास्त पडतात, मग उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. पण मशीनने बीपी उतरतं ते साधारण किती उतरतं हे माहीत असू द्या, सरासरीने दोन-तीन पॉइंट. तीन-तीन गोळ्यांनाही न जुमानणारं बीपी असलेल्या १९४ माणसांवर स्पेनमध्ये अभ्यास झाला, तो २०१३ ला छापून आला, त्यात सीपॅपने चोवीस तासांचं सरासरी बीपी ३ च्या आसपासच उतरलं. कुणाचं जास्त उतरतं, कुणाचं अजिबात नाही. म्हणजे गोळीला थोडी मदत होते, गोळीची सुट्टी होत नाही.

आणि अजून एक. आधी हार्टचा किंवा मेंदूचा झटका येऊन गेलेल्या नाहीतर हार्टच्या नळ्यांचा आजार असलेल्या २,७१७ माणसांवर सात देशांत मोठा अभ्यास झाला, त्यात आपला भारतही होता, २०१६ ला त्याचा निकाल आला. नेहमीच्या औषधांच्या जोडीला सीपॅप दिल्याने पुढचे झटके कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही. झोप सुधारली, दिवसाची पेंग गेली, मन ताजं झालं, हे सगळं झालं, पण झटक्यापासून राखायचं काम मशीनवर सोडता येईल असं काही निघालं नाही. त्यात माणसं मशीन रात्रीचे सरासरी ३.३ तासच लावत होती हेही खरं, त्यामुळे जास्त तास लावलं असतं तर काय झालं असतं यावर डॉक्टर लोक अजून वाद घालतात. मी माझ्या पेशंटना सांगते, मशीन झोपेसाठी आणि बीपीच्या मदतीसाठी, गोळ्या हार्टसाठी, दोन्ही पाहिजे.

शिवाय तुम्ही ज्यांना बीपीच्या गोळ्या म्हणता त्या सगळ्या बीपीच्याच असतात असं नाही. अटॅकनंतर मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, रॅमिप्रिल अशा गोळ्या देतात त्या हार्टला विसावा द्यायला आणि त्याचा आकार बिघडू नये म्हणून, बीपी नॉर्मल असलं तरी देतात. त्यातली मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम तोडली तर ठोके उसळतात, छातीत दुखू शकतं, पुन्हा अटॅकही येऊ शकतो. ती कमी करायची तर हळूहळू आणि डॉक्टरांच्या हातून.

करायचं काय ते सांगते. दंडावर बांधायचं बीपीचं मशीन आणा (मनगटावरचं नको), सात दिवस सकाळी आणि संध्याकाळी पाच मिनिटं शांत बसून बीपी बघा, मग उभं राहून एका मिनिटाने परत बघा, आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर तेवढंच ठळक करा. मग सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा एका पिशवीत घाला, अगदी आयुर्वेदिक आणि गुडघ्याची गोळीसुद्धा, आणि सीपॅपमधलं कार्ड किंवा मोबाईलमधला रिपोर्ट बरोबर घ्या, त्यात रोज किती तास लावलं, हवा किती गळते आणि मशीन लावूनही तासाला किती वेळा श्वास अडतो हे सगळं असतं. ही पिशवी हार्टच्या डॉक्टरांकडे न्या आणि तीच छातीच्या डॉक्टरांकडे न्या. हार्टवाल्यांना मशीनचं माहीत नसतं, छातीवाल्यांना गोळ्या माहीत नसतात, दोघंही आपापल्या फाइलीत बघून बरोबरच सांगत असतात आणि मधे पेशंट चक्कर येऊन मोरीत पडतो. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता माझ्याकडे येणाऱ्याला पिशवी नसेल तर मी घरी पाठवून आणायला लावते.

प्रश्न : मी देवगडचा, आंब्याची बाग आहे, वय ६३. हार्ट मोठं झालंय म्हणून पाणी काढायची गोळी सकाळी एक आणि रात्री एक असते. शिवाय बीपीच्या अम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन, आणि पाणी काढायचीच आणखी एक, स्पायरोनोलॅक्टोन. रात्री चार वेळा लघवीला उठावं लागतं, दरवेळी मास्क काढायचा, लावायचा, तिसऱ्या वेळी कंटाळून तसाच झोपतो. संध्याकाळी पाय सुजतात. काय करू?

उत्तर : काका, तुमचं पत्र वाचून बरं वाटलं कारण यातलं बरंचसं सुधारण्यासारखं आहे.

रात्रीची पाणी काढायची गोळी तुम्हाला नेमकी कशासाठी दिलीय ते डॉक्टरांना विचारा आणि दुसरा डोस दुपारी तीन-चारच्या आत घेतला तर चालेल का तेही विचारा, बहुतेकांना चालतो. या गोळीचा जोर सहा-आठ तास असतो, म्हणजे रात्री घेतली की पहाटेपर्यंत माणूस मोरीच्या वाटेवर. तुमचं तुम्ही बंद मात्र करू नका, दोन दिवसांत पाणी साठून दम लागायला लागेल.

आता एक गोष्ट सांगते ती पुष्कळांना माहीत नसते. दिवसभर बागेत उभं राहून जे पाणी पायांत उतरतं ते रात्री आडवं झाल्यावर पायांत राहत नाही, वर सरकतं आणि थोडं मानेत, घशाच्या आसपास येतं, तिथली आधीच अरुंद असलेली वाट आणखी दाबली जाते. म्हणजे पायाची सूज आणि रात्रीचा अडलेला श्वास यांचं नातं आहे. म्हणून पाण्याचा निचरा नीट झाला तर काहींचा ॲप्नियाही थोडा कमी होतो, स्पायरोनोलॅक्टोनवर तसे छोटे अभ्यास झालेत. संध्याकाळी कामावरून आलात की जेवणाआधी तासभर पाय उशीवर घेऊन पडा, म्हणजे ते पाणी जागेपणीच वर येईल आणि झोपायच्या आधी लघवीवाटे निघून जाईल. दुसरं, अम्लोडिपिननेसुद्धा घोट्याला सूज येते, ती पाण्याच्या गोळीने फारशी उतरत नाही, तेव्हा सूज नक्की कशाची हे डॉक्टरांनी बघायला हवं, नाहीतर एका गोळीची सूज उतरवायला दुसरी गोळी वाढत जाते. आणि ॲप्नियाने स्वतःच रात्रीची लघवी वाढते, श्वास अडला की हार्टवर ताण येऊन तसा संदेश किडनीला जातो. मास्क रात्रभर राहिला तर चारचं दोनवर येईल, म्हणून तिसऱ्या वेळी कंटाळा करू नका. मास्क काढायची गरजच नाही, नळीचं टोक मास्कपासून सुटतं, तेवढं सोडवून जाऊन यायचं आणि आल्यावर परत जोडायचं.

मिठाचं बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे डॉक्टर म्हणतात मीठ कमी करा, घरी ताटातलं वरचं मीठ बंद होतं आणि पावसाळा आला की सुके बोंबील, सुकट, खारा बांगडा, लोणचं, पापड, भरीला सोलकढी. कोकमाच्या आगळात मीठ घातलेलं असतं हो, मिठाशिवाय ते टिकतच नाही! हार्ट मोठं झालेल्या माणसाने सुकी मासळी रोज खाल्ली तर पाणी काढायची गोळी काय करणार बिचारी. सोलकढी प्यायचीच असेल तर घरी आमसुलं भिजवून मीठ न घालता करा.

आणि शहाळं. देवगडच्या माणसाला शहाळं पिऊ नको म्हणणं जिवावर येतं, पण टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन दोन्ही रक्तात पोटॅशियम साठवतात आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. ते फार वाढलं तर हार्टचे ठोकेच बिघडतात. बाजारात लो सोडियम म्हणून मिळणाऱ्या मिठातही पोटॅशियम घातलेलं असतं, तेही तुम्हाला नको. पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची (किडनीची) रक्ततपासणी शेवटची कधी केली ते आठवा, आठवत नसेल तर याच आठवड्यात करा, शहाळ्याचं त्यानंतर ठरवू.

प्रश्न : मालवणहून लिहितेय. बाबांचे ठोके अनियमित आहेत, रक्त पातळ करायची गोळी आहे, दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ती तपासणी, करतो. मशीन लावल्यापासून सकाळी नाकातून रक्त येतं, गेल्या आठवड्यात उशी लाल झाली. बाबा म्हणतात "माका ह्या नको". मेडिकलवाल्याने नाक मोकळं करायचा स्प्रे दिलाय, तो मारला की बरं वाटतं. गोळी बंद करू का मशीन बंद करू?

उत्तर : दोन्ही बंद नको करूस, पण आयएनआर मात्र महिना भरायची वाट न बघता उद्याच करून घे. आकडा वर गेला असेल तर रक्त मशीनमुळे नाही, गोळीमुळे वाहतंय, आणि डोस डॉक्टर बदलतील. मधे कुठली अँटिबायोटिक किंवा दुखायची गोळी दिली होती का ते आठव, त्याने आयएनआर पटकन चढतो.

आकडा ठीक असेल तर मग हवा. आपल्याकडे हवा दमट असते म्हणून मशीनला पाण्याची टाकी कशाला असं लोकांना वाटतं, विकणारेही कधीकधी तसंच सांगतात, पण दाबाने रात्रभर नाकात जाणारी हवा कोकणातसुद्धा नाकाची त्वचा सुकवते, एसी किंवा फुल्ल पंखा असेल तर जास्तच. टाकी लावा, पाणी डिस्टिल्डच घ्या, विहिरीचं नको, त्याने टाकीत पांढरा थर धरतो. रोज उरलेलं ओतून टाकी उलटी वाळत ठेवायची, पावसात तर बुरशी दोन दिवसांत धरते. झोपताना नाकात मिठाच्या पाण्याचे मेडिकलमध्ये मिळणारे सलाइन ड्रॉप्स घालायचे. व्हॅसलिन लावू नका, मास्कचं रबर खराब होतं. मास्क गळत असेल तर मशीन जास्त हवा सोडतं आणि नाक अजून सुकतं, तेव्हा मापाचा मास्क आहे का तेही बघून घे.

तो नाक मोकळं करायचा स्प्रे आजच बाजूला ठेव. त्यातली झायलोमेटॅझोलिन किंवा ऑक्सिमेटॅझोलिन ही औषधं तीन-चार दिवसांपुरती असतात, पुढे त्यांनीच नाक जास्त चोंदतं आणि माणूस त्याचा गुलाम होतो, शिवाय अनियमित ठोके आणि बीपीवाल्यांना ती नकोतच. सर्दीच्या गोळ्यांतही फिनाइलएफ्रिन असतं, त्याने बीपी चढतं, म्हणून बाबांसाठी सर्दीची गोळी विचारल्याशिवाय आणायची नाही. नाक कायम चोंदलेलं असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव, वेगळे स्प्रे असतात जे रोज चालतात.

रक्त आलं तर बाबांना बसवून पुढे वाकवायचं, मागे नाही, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून १५ मिनिटं सोडायचा नाही, तोंडाने श्वास. २० मिनिटांतही थांबलं नाही तर गाडी काढायची. आणि बाबांना सांग, अनियमित ठोक्यांवर उपचार करून ते सरळ केले तरी ॲप्निया तसाच ठेवला तर ते पुन्हा बिघडायची शक्यता जास्त असते, त्यांच्यासाठी हे मशीन नुसतं घोरण्याचं नाही.

प्रश्न : मशीन लावून झोप लागत नाही म्हणून मेडिकलमधून अर्धी झोपेची गोळी घेतो, हार्टच्या गोळ्यांबरोबर चालते ना? (श्रीवर्धन)

उत्तर : नाही चालत. आणि हे मी पुस्तकातून सांगत नाहीये.

माझ्या थोरल्या काकांची बायपास झाली होती, मशीन दिलेलं, मास्कने गुदमरल्यासारखं व्हायचं. एका दुकानातून कुणीतरी अल्प्राझोलम दिलं, चिठ्ठी वगैरे काही नाही. त्या मे महिन्यात मी गावी गेले होते, रात्री पाणी प्यायला उठले तर काकांचं घोरणं एकदम थांबलेलं, मास्क उशाला पडलेला. मी त्यांच्या अंथरुणाशी बसून घड्याळात बघत होते, ५० सेकंद गेले तरी श्वास नाही. हलवलं तेव्हा मोठा आचका देऊन घेतला. ती रात्र मी तशीच बसून काढली. या गोळ्या घसा अजून सैल करतात आणि मेंदूची जी दचकवून उठवायची सोय आहे तीच बोथट करतात. संध्याकाळची दारू तेच करते, मग ती माडी असो नाहीतर फेणी, आणि दोन्ही एकत्र म्हणजे जीव धोक्यात.

पण भाऊ, रोजची गोळी बरेच महिने चालू असेल तर आज एकदम तोडू नका, एकदम तोडली तर फिटसुद्धा येऊ शकते, डॉक्टरांकडून थोडी थोडी कमी करून घ्या आणि तोवर मास्क लावल्याशिवाय डोळा लावायचा नाही. मास्कची सवय दिवसा करा. दुपारी टीव्ही बघताना नुसता मास्क वीस मिनिटं, मग चार दिवसांनी मशीन चालू करून, मग दुपारच्या वामकुक्षीला, मग रात्री. मशीनमध्ये रॅम्प म्हणून सोय असते, दाब हळूहळू चढतो, ती चालू करून घ्या. काकांना जमायला पाच आठवडे लागले पण सवय झाली.

प्रश्न : रॅमिप्रिल चालू झाल्यापासून कोरडा खोकला, मास्क राहत नाही. (खेड)

उत्तर : त्या गोळीचा हा ओळखीचा त्रास आहे. टेल्मिसार्टनसारख्या दुसऱ्या गटातली गोळी मिळते, तिने सहसा खोकला येत नाही. डॉक्टरांना भेटा, खोकल्याची बाटली पीत बसू नका.

प्रश्न : चिपळूणहून. माझ्या भावाचं हार्टचं पंपिंग ३० टक्के आहे. झोपेच्या टेस्टमध्ये घसा बंद होत नाही, मेंदूच श्वासाचा आदेश देत नाही असं लिहून आलंय. एका ओळखीच्याने सांगितलं की याच्यासाठी वेगळं महाग मशीन येतं, श्वास ओळखून दाब बदलणारं, तेच घ्या. घेऊ का? स्टेंटनंतर टिकाग्रेलॉर ही रक्त पातळ करायची गोळीही चालू आहे.

उत्तर : थांबा, पैसे देऊ नका अजून.

ते मशीन एएसव्ही म्हणून ओळखलं जातं आणि दिसायला ते फार हुशार वाटतं, पण पंपिंग ४५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या आणि तुमच्या भावासारखा मेंदूकडून येणारा ॲप्निया असलेल्या १,३२५ लोकांवर ते तपासलं तेव्हा २०१५ ला उलटाच निकाल आला, मशीन लावणाऱ्यांत हार्टमुळे होणारे मृत्यू जास्त निघाले. तेव्हापासून अशा पेशंटला ते देऊ नये असं सांगितलं जातं. पुढे याच विषयावर अजून काम झालंय, पण हा निर्णय ओळखीच्या माणसाचा नाही, हार्टच्या आणि झोपेच्या डॉक्टरांनी एकत्र बसून घ्यायचा आहे. कमी पंपिंगवाल्यांत हा ॲप्निया बऱ्याचदा हार्टच्या कमजोरीतूनच येतो, म्हणून पहिला उपाय हार्टच्या गोळ्या पूर्ण आणि योग्य डोसात बसवणं हाच, त्या बसल्या की श्वासही बऱ्यापैकी सुधारतो.

टिकाग्रेलॉरचं तुम्ही लिहिलंत ते फार चांगलं केलंत. या गोळीने काहींना दम लागल्यासारखं होतं आणि क्वचित असा मेंदूकडून श्वास थांबायचा प्रकारही होतो, गोळीच्या माहितीपत्रकातही तशी नोंद आहे. टेस्ट गोळी सुरू व्हायच्या आधीची की नंतरची, एवढं डॉक्टरांना सांगा. क्लोपिडोग्रेलसारखा दुसरा पर्याय असतो, पण बदल त्यांनीच करायचा, मधे एक दिवसही रिकामा जाता कामा नये.

प्रश्न : आईला (वय ७१, अलिबाग) रात्रीच्या होल्टरमध्ये (अंगावर लावून ठोके नोंदवणारं यंत्र) ठोके मधेमधे थांबतात म्हणून पेसमेकर सांगितलाय. ती जोरात घोरते पण स्लीप टेस्ट कधी केली नाही. आधी काय करू? मावशीला आधीच पेसमेकर आहे आणि ती सीपॅप लावते.

उत्तर : आईचे ठोके फक्त झोपेतच थांबतात का, दिवसा चक्कर, बेशुद्धी असं काही होतं का, हे डॉक्टरांना विचारा. दिवसा होत असेल तर पेसमेकरला उशीर करू नका. फक्त झोपेतच होत असेल तर आधी ॲप्निया आहे का बघायला हवं, कारण श्वास अडला की ठोके मंदावतात आणि मशीनने श्वास सुधारला की काहींचे ठोकेही सुधारतात, मग पेसमेकर लागतही नाही. बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी ठोके कमी करणारी गोळी चालू असेल तर तीही दाखवा. नम्रपणे विचारलंत तर कुठलाही चांगला डॉक्टर रागावत नाही.

मावशीचा मास्क मात्र आज हातात घेऊन बघा. काही मास्कच्या पट्ट्यांना लोहचुंबकाची क्लिप असते, चट्कन लागते म्हणून लोकांना आवडते. पेसमेकर असेल तर ते चुंबक त्यापासून निदान १५ सेंटिमीटर लांब राहायला हवं, २०२२ पासून कंपन्यांनी स्वतःच तशा सूचना काढल्यात. झोपेत मास्क निसटून छातीवर आला की अंतर राहत नाही. साध्या क्लिपचा मास्क मिळतो, तो बदलून घ्या. मावशीच्या शेजारी झोपणाऱ्याच्या मास्कलाही हेच लागू.

प्रश्न : मी डोंबिवलीला असतो, गाव लांजा तालुक्यात. वय ४९, बीपीच्या दोन गोळ्या, एक कोलेस्टेरॉलची, सीपॅप आठ महिने. गणपतीला सात दिवस गावी जायचंय. घरात बावीस माणसं, सगळे माजघरात आणि पडवीत ओळीने झोपतात, त्यात मास्क लावून झोपायची लाज वाटते. लाईटचा भरवसा नाही. गाडी रात्रीची, कोकणकन्या. सात दिवस मशीन आणि रात्रीच्या गोळ्या इकडे-तिकडे झाल्या तर चालेल का?

उत्तर : भाऊ, एखादी रात्र गेली तर आकाश कोसळत नाही, पण मशीन बंद केल्यावर दोन-तीन रात्रींतच श्वास पुन्हा पहिल्यासारखा अडायला लागतो आणि बीपीही वर सरकतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत गौरीच्या सणाचं मटण-वडे, तळलेले मोदक, उशिराची जागरणं. म्हणून मशीन न्यायचंच.

गोळीचं सोपं आहे. तुमच्या बीपीच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळीची सीपॅपशी मारामारी नाही. रात्री भजन, जाखडी चालली की दहाची गोळी दोनला आठवते, त्यापेक्षा ती सकाळच्या चहानंतर घेतली तर चालेल का हे निघायच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा. ब्रिटनमध्ये २१,१०४ लोकांवर सकाळची गोळी बरी की रात्रीची असा अभ्यास झाला, २०२२ ला निकाल आला, हार्टच्या दृष्टीने काही फरक निघाला नाही. रोज ठरल्या वेळी घेणं जास्त महत्त्वाचं. गोळ्या सातच्या जागी दहा दिवसांच्या न्या आणि सामानात नको, अंगाजवळच्या पिशवीत ठेवा.

लाईटचं मी मनावर घेते, कारण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे धडकलं तेव्हा तिकडे, दापोली-मंडणगडात कित्येक दिवस अंधार होता आणि मशीनवाल्यांचे हाल कोणाच्या ध्यानातच नव्हते. घरी इन्व्हर्टर असेल तर तो प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या लाईनसारखी एकसारखी वीज देणारा, आहे का बघा, आणि त्यावर चालवताना पाणी गरम करायचा हीटर बंद ठेवा, जास्त वीज तोच खातो, नुसतं मशीन त्या मानाने फार कमी घेतं. मशीन कंपनीची बॅटरीवर जोडायची केबल मिळते, गाडीच्या बॅटरीला आपली आपण वायर जोडून प्रयोग करू नका. लाईट गेलीच आणि मशीन बंद पडलं तर मास्क काढून ठेवा, तसाच तोंडावर ठेवून झोपायचं नाही. मग कुशीवर झोपा, पाठीमागे तक्क्या किंवा गोधडीची वळकटी लावा म्हणजे उताणे होणार नाही, डोकं-खांदे उंच घ्या, आणि त्या रात्री एक थेंबही दारू नको. दुसऱ्या दिवशी झोप अपुरी वाटली तर गाडी तुम्ही चालवायची नाही, कशेडीचा घाट आणि डोळ्यावर पेंग यांचं जमत नाही.

लाजेबद्दल. तुम्ही पडवीच्या टोकाला, भिंतीतल्या बोर्डजवळची जागा मागून घ्या आणि पहिल्याच संध्याकाळी आरतीनंतर मुलांना जवळ बसवून मशीन दाखवा, हवा कशी येते ती त्यांच्या हातावर सोडा. मुलांना एकदा कळलं की पुढचे सहा दिवस तीच सगळ्यांना समजावत बसतात. आणि ओळीने झोपलेल्या बावीस जणांत अजून कोण घोरताना मधेच गप्प होतो ते वहिनींना ऐकायला सांगा, तुमच्या सख्ख्या भावांत नक्की बघा, अरुंद घसा घराण्यात चालतो. शेजारी झोपणाऱ्या एकाला तरी सांगून ठेवा की माझा मास्क निघाला तर मला हलव.

कोकणकन्येत बर्थजवळचे पॉइंट मोबाईलसाठी असतात, त्यांच्या भरवशावर मशीन लावू नका. शक्य असेल तर दिवसाच्या गाडीचं तिकीट काढा, नाहीतर ती एक रात्र कुशीवर, डोक्याखाली बॅग घेऊन काढा. मशीन सीटखाली ढकलू नका, जवळ ठेवा, आणि बॅगेत भरायच्या आधी टाकीतलं सगळं पाणी ओतून टाकून ती पुसून घ्या, प्रवासात ते पाणी मशीनच्या मोटरमध्ये शिरलं तर गावात दुरुस्त करणारा मिळायचा नाही.